तळघरातली तंबाखू

माझ्या मामेसासऱ्यांना जगातली कुठलीही गोष्ट नुसती आवडली, असं कधी झालंच नाही. ती आधी तपासली जायची, शेजारी दुसरी ठेवून ताडून पाहिली जायची, तिला एक ते सहा यांपैकी गुण मिळायचे आणि मग ती आवडली की नाही हे जाहीर व्हायचं. लग्नानंतर मी पहिल्यांदा जर्मनीत इंगोलश्टाटला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माझ्यापुढे चहाचे दोन कप आले. चहापत्तीचे दोन नवे पुडे घरात होते आणि मामांना निकाल हवा होता. मी नवा जावई, दोन्ही छान आहेत म्हणालो. मामा अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "जावईबापू, दोन्ही छान असं काही नसतं. एक दुसऱ्यापेक्षा छान असतं." मामी आतून म्हणाल्या, "तुम्ही प्या हो निवांत. ह्यांनी मलासुद्धा आणखी एक मुलगी बघून आल्यावरच होकार कळवला होता." मामांनी मान डोलावली. ती गोष्ट खरी होती आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. तुलनेत मामी जिंकल्या होत्या, विषय संपला.

हा स्वभाव त्यांनी नोकरीतून घरी आणला की घरून नोकरीत नेला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मोटारीच्या आतले प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. तिथे वासाची एक परीक्षा असते. प्लास्टिकचा तुकडा काचेच्या बरणीत घालून भट्टीत तापवतात, मग झाकण किंचित सरकवून चारपाच माणसं आळीपाळीने नाक लावतात आणि गुण देतात. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे असह्य. या सगळ्या नाकांचे साहेब मामा होते, पण स्वतः मामांना बरणीपाशी जायची बंदी होती, कारण सिगारेट ओढणाऱ्याचं नाक तिथे धरत नाहीत. परीक्षा चालू असताना ते काचेच्या दाराबाहेर हात मागे बांधून उभे राहत आणि आतल्यांचे चेहरे वाचत. "म्युलर साडेतीन देणार," ते पुटपुटत, आणि म्युलर साडेतीनच देई.

सिगारेट मात्र त्यांनी कधी कशाशी ताडून पाहिली नाही. कॉलेजात जी हाती आली तीच, त्याच एका प्रकारची, तीसेक वर्षं. मामी घरात ओढू देत नसत, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेली चिंचोळी बाल्कनी हे त्यांचं दुसरं घर झालं. बर्फ पडत असला तरी कानटोपी, मफलर आणि मामींची जुनी शाल अशा वेषात ते तिथे उभे असत. खालच्या मजल्यावरची म्हातारी त्यांना हिवाळ्यात पाहून छातीवर क्रूसाची खूण करायची म्हणे. आमच्या लग्नात पुण्याला मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा मामा सापडेना, तेव्हा मामी शांतपणे म्हणाल्या होत्या, "कार्यालयाच्या मागे बघा. धूर दिसेल तिथे मामा." मामा तिथेच होते आणि अक्षतांचे दाणे मुठीत धरून, दुसऱ्या हाताने ओढत होते.

मग एका हिवाळ्यात मामींचा खोकला बरा होईना. हाउसआर्ट्स्टने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, आधी सर्दी म्हटलं, मग औषधं बदलली, मग मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, आणि तो पसरलेला होता. मामींनी जन्मात सिगारेटला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी मी गाडी चालवायला बरोबर गेलो होतो. तरुण डॉक्टरीणबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, तुम्ही धूम्रपान करता का. मामी नाही म्हणाल्या. घरात कुणी करतं का. मामी काही बोलायच्या आत मामांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला आणि म्हणाले, "इश." म्हणजे मी. त्या बाईंनी ते टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

परत येताना डॅन्यूबच्या पुलापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरले, खिशातलं पाकीट आणि लायटर कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि येऊन बसले. त्यानंतर एकही सिगारेट त्यांनी विकत घेतली नाही. मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अहो, लायटर तरी ठेवायचा. देवापुढे निरांजन लावायला बरा पडायचा."

डॉक्टरीणबाईंना मामांनी पुढच्या तीन भेटींत एकच प्रश्न विचारला: हे माझ्यामुळे झालं का? त्या दर वेळी सांगायच्या की एकेका माणसाच्या बाबतीत तसं सांगता येत नाही, कधीच न ओढणाऱ्यांनाही होतो, ज्यांच्या घरात कुणी ओढत नाही त्यांनाही होतो. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्या गोष्टींना गुण दिले, त्याला 'सांगता येत नाही' हे उत्तर मिळालं. ते त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांच्या मुलीने मात्र उत्तर देऊन टाकलं होतं. रेणू म्युनिकला नोकरी करायची. मराठी सगळं समजायचं, बोलायची जर्मनच. बातमी कळल्यावर ती आली आणि स्वयंपाकघरात, आमच्यादेखत, बाल्कनीच्या दाराकडे बोट दाखवून वडिलांना म्हणाली की तीस वर्षं बाबा, तीस वर्षं हे दार कधी नीट लावलेलं नसायचं. जर्मनमध्ये ते वाक्य फार स्वच्छ ऐकू आलं. त्यानंतर ती दर शनिवारी आईसाठी येत राहिली. वडिलांशी औषधांच्या वेळांपलीकडे बोलेनाशी झाली.

अशा दिवसांत मामांना वाफेच्या सिगारेटचा नाद लागला. २०१५ च्या आसपासची गोष्ट. ती नळकांडी तेव्हा नुकती सगळीकडे दिसू लागली होती. सिगारेट सुटली तरी तलफ सुटत नव्हती, आणि आपण कधीतरी रस्त्यात कुणाकडे तरी एक मागून बसू, ही भीती त्यांना खात होती. ऑफिसातल्या कुणीतरी नळकांडं दिलं. त्यात भरायचा द्रव दुकानातून आणला, त्यावर 'तंबाखू' लिहिलं होतं. मामांनी एक झुरका घेतला आणि नळकांडं खाली ठेवलं. "हे तंबाखूचं नाही," ते म्हणाले. "तंबाखूबद्दल फक्त ऐकलेल्या माणसाने केलेलं आहे." दुसरी बाटली करपलेल्या साखरेची निघाली, तिसरी बेकरीची. महिनाभरात त्यांनी ठरवलं की आपणच बनवायचं.

इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एक जाळीचा केलर, म्हणजे सामानाची खोली असते. लोक तिथे सायकली आणि स्कीज ठेवतात. मामांनी तिथे वजनकाटा, सुया नसलेल्या सिरिंजा आणि तपकिरी बाटल्यांच्या रांगा मांडल्या. ग्लिसरीन वगैरेचा बिनवासाचा द्रव, त्यात तयार अर्क, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा पाइपची खरी तंबाखू आणून ती भिजत घालायची, बरणी कोमट पाण्यात ठेवायची आणि कॉफीच्या फिल्टरमधून थेंबथेंब गाळायची. मग ते मुरत ठेवायचं. "आठ दिवसांत चव बसत नाही," ते सांगायचे. "गेनाऊ, बरोबर एक महिना पाहिजे." मामी म्हणायच्या, "माझ्या लोणच्याला कधी महिनाभर थांबला नाहीत." मी पुण्याला गेलो तेव्हा मला विडीची तंबाखू, जर्दा आणि मिश्री आणायची कामगिरी मिळाली. माझ्या आईला ते पुडे बॅगेत सापडले. ती पुढचे दोन दिवस माझे दात निरखून पाहत होती.

तुलना करण्यात मामा रमले, हे सांगायला नकोच. ते तंबाखूबद्दल बोलू लागले की ऐकणाऱ्याला न ओढताच भरून यायचं. व्हर्जिनिया म्हणजे भिजलेला कडबा उन्हात टाकल्यावर येतो तो गोडसर वास. बर्ली म्हणजे शेंगा भाजून झाल्यावर कढईत उरलेली टरफलं. लटाकिया म्हणजे बंबात ओलं लाकूड घातलंय आणि आंघोळीला उशीर झालाय. विडीच्या तंबाखूच्या द्रवाने त्यांचं नळकांडंच जळलं, तेव्हा तिला सन्मानपूर्वक बाद करण्यात आलं. केमोमुळे मामींच्या तोंडाची चव गेली होती, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं, पण नाक शाबूत होतं, उलट जास्तच तिखट झालं होतं. फोडणीचा वास सहन व्हायचा नाही. या वाफेचा मात्र त्रास होत नसे. मामा बाटली उघडून त्यांच्या नाकापुढे धरत आणि मामी तिला एखाद्या नातेवाइकाचं नाव देत. "ही तुमची आत्या. आधी गोड, मग घशाला लागते." "हे नानासाहेब. नुसताच धाक, आत काही नाही." मामा गंभीरपणे तशी लेबलं लावत. त्यांच्या केलरमध्ये अर्धं खानदान मुरत पडलं होतं.

गणपतीत त्यांनी कहर केला. आमच्या मराठी मंडळाचा उत्सव एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. आरती झाल्यावर मामांनी ओढणारे चार इंजिनिअर हेरले आणि त्यांना पार्किंगमध्ये नेलं. प्रत्येकाला क्रमाने सहा नमुने. दोन नमुन्यांच्या मध्ये कोऱ्या पोळीचा तुकडा चावायचा आणि स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक पूर्वपदावर येतं. ऑफिसात तसंच करतात. एकमेकांशी बोलायचं नाही. रेशमी कुर्ते घातलेले चार लोक अंधारत्या पार्किंगमध्ये मुकाट्याने आपापली बाही हुंगतायत, हे दृश्य पाहून मंडळाच्या अध्यक्षीणबाई परत आत गेल्या. पाचव्या नमुन्याला म्युनिकहून आलेला एक पीएचडीचा विद्यार्थी पांढराफटक पडला आणि खाल्लेले मोदक त्याने कुंपणापाशी परत केले. मामांनी त्याला पाणी पाजलं, पाठीवर हात फिरवला आणि हळूच विचारलं, "तरी पण, चार की पाच?"

सगळ्यांचे गुण गोळा होत, पण खुद्द मामांकडून कुठल्याच बाटलीला तीनपेक्षा चांगला गुण मिळाला नाही. त्यांना त्यांच्या त्या एका सिगारेटची चव हवी होती, जशीच्या तशी, फक्त धुराशिवाय. ती सापडली की आपण पुन्हा कधी चुकणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. माझी बायको चिडायची. "मामी वर झोपून असतात आणि मामा खाली बाटल्या हलवत बसतात. पळतात ते." मामींना तसं वाटत नसे. त्या म्हणायच्या, "करू दे गं. वर बसले की नुसते माझ्याकडे बघत बसतात. मला मग मेल्यासारखं होतं."

सिगारेट सुटल्याला वर्ष झालं तेव्हा ऑफिसने मामांच्या नाकाची चाचणी घेतली आणि त्यांना वासाच्या मंडळात घेतलं. आयुष्यभर दाराबाहेर उभा राहिलेला माणूस आत गेला. त्याच सुमारास डॉक्टरांनी त्यांची स्वतःची तपासणी केली. खोकला गेला होता, दम टिकत होता, फुप्फुसं सुधारत होती. मामींना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या बायकोला शिरा करायला लावला. ताटली मामांच्या हातात दिली गेली आणि ते ती तशीच धरून बसून राहिले. मामींच्या नाकात तेव्हा ऑक्सिजनची नळी आलेली होती. "खा ना," त्या म्हणाल्या. "चांगली बातमी आहे." मामांनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि उठून आत गेले.

त्यानंतरच्या एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलवायला खाली गेलो. ते स्टुलावर बसले होते, पुढे दोन बाटल्या उघड्या होत्या. "जावईबापू," ते म्हणाले, "बसा जरा. मला या दोघांतला फरक कळत नाहीये." मी म्हटलं, दमला असाल. "नाही, नाक ठीक आहे. सगळं कळतं. यात काय घातलंय, त्यात काय घातलंय, सांगतो तुम्हाला. पण यातलं कुठलं बरं, ते कळत नाही." मग म्हणाले, "ती गेल्यावर मी काय करणार इथे?" मी बाटल्यांची झाकणं लावली आणि आम्ही जिना चढून वर आलो.

मामी शेवटी इस्पितळाच्या त्या विभागात गेल्या जिथे उपचार थांबवून फक्त वेदना सांभाळतात. एप्रिल होता, बाहेर ऊन आणि बोचरा वारा. एका दुपारी मामा, मी आणि माझी बायको खोलीत होतो, रेणू खाली कॉफी आणायला गेली होती. मामी डोळे मिटून पडल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "अहो, तुम्हाला हल्ली वासच येत नाही कसला."

मामा पुढे वाकले. "कुणाला?"

"तुमचा. तुम्हाला तुमचा वास येत नाही. कुणीतरी परकं बसलंय असं वाटतं." दम घेऊन म्हणाल्या, "जाऊन एक ओढून या ना. खरी."

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. "अगं, काय बोलतेस?"

"मी काही मागितलंय का तुमच्याकडे इतक्या दिवसांत? जा. आणि हात धुऊ नका येताना."

मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. इस्पितळाच्या दारापाशी ओढणाऱ्यांचा एक कोपरा होता. गाउनमधले पेशंट, सलाइनचा खांब हातात धरून. मामांनी त्यातल्या एका म्हाताऱ्याकडे सिगारेट मागितली. वर्षभर ज्या क्षणाला ते घाबरत होते तो असा आला. म्हाताऱ्याने काही न विचारता दिली आणि पेटवून दिली. पहिल्या झुरक्यालाच त्यांना खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, भिंतीला हात टेकवावा लागला. मी म्हटलं, मामा, टाका, तेवढ्यानेही वास येईल. त्यांनी मान हलवली आणि शेवटापर्यंत ओढली, औषध घेतल्यासारखी. कशी लागली ते त्यांनी सांगितलं नाही.

वर जाऊन ते खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. मामींनी त्यांचा हात उचलून आपल्या तोंडाशी नेला, बोटं हुंगली, मग कोटाची बाही. "हां," त्या म्हणाल्या. "आता आलात."

तेवढ्यात रेणू आत आली. दोन पावलं टाकून थांबली. जर्मनमध्ये विचारलं, "तू सिगारेट ओढलीस?" मामा म्हणाले, "हो." एवढंच. मी सांगायला तोंड उघडलं, पण मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. रेणूने हातातली कॉफी टेबलावर ठेवली.

"मी पाठवलं त्यांना," मामी म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की रेणूला जवळ यावं लागलं. "आणि ते बाल्कनीचं दार. ते लावूनच घ्यायचे गं. मी उघडायचे. दिवसभराचं तेवढंच बोलणं व्हायचं आमचं. ते बाहेर, मी ओट्यापाशी. दार लावलं तर ऐकू कसं येणार?"

रेणू उभीच होती. मामी म्हणाल्या, "मला माहीत होतं काय येतंय आत. मला चालत होतं." मग थकून त्यांनी डोळे मिटले. हात मामांच्या बाहीवर होता तो काढला नाही. रेणू पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिघं तशीच बसून होती. आम्ही दोघं बाहेर आलो.

त्या आठवड्यात मामी गेल्या. मामा पुन्हा सिगारेटकडे वळतील असं सगळ्यांना वाटलं होतं, ऑफिसातल्या लोकांनाही. ते वळले नाहीत. नळकांडंही त्यांनी उचललं नाही. केलरला कुलूप लावलं आणि किल्ली खिळ्याला टांगली.

पावसाळी हवेच्या एका शनिवारी रेणूचा मला फोन आला की बाबांना ते सगळं टाकून द्यायचंय, गाडी घेऊन येशील का. निकोटिनच्या बाटल्या साध्या कचऱ्यात चालत नाहीत, त्या वेर्टश्टोफहोफला, म्हणजे गावाच्या कचरा केंद्रावर, घातक कचऱ्याच्या खिडकीवर द्याव्या लागतात. आम्ही चार क्रेट भरून नेले. खिडकीवरच्या माणसाने लेबलं वाचायचा प्रयत्न केला. आत्या, नानासाहेब, सगळं देवनागरीत. तो स्वतः वाफ ओढणारा होता, खिशातून नळकांडं डोकावत होतं. त्याने कुतूहलाने विचारलं, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं. एके काळी या प्रश्नावर मामांनी त्याच्या जेवणाच्या सुट्टीचं वेळापत्रक मोडलं असतं. मामांनी क्रेटकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते माझ्या बायकोला माहीत होतं." माणसाने क्रेट आत ओढून घेतले.

परतताना ते म्हणाले, जेवूनच जा, आमटीभात केलाय. माझ्या बायकोलाही बोलावून घेतलं. ताटं मामांनी स्वतः वाढली. हल्ली ते बरा स्वयंपाक करायचे. आमटी पिवळीधमक होती, आणि पहिल्या घासाला कळलं की तिच्यात तिखटाचा कण नाही. मामींच्या तोंडात केमोने फोड येत, तेव्हा ते अशी करायला शिकले होते, आणि त्यांना ती तशीच येत होती. आमच्याकडे पाहून त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी उठून तिखटाची वाटी आणली, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "घ्या हो वरून, ज्याला पाहिजे त्याने."

वाटी तिथेच राहिली. रेणूने ताट पुढे करून आणखी आमटी मागितली.